अल्टरनेट विमानतळ कधी लागतो? फ्लाइट प्लॅनचा सोळावा रकाना

जून उजाडला की मला येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. "सर, मुंबईला येतोय, अल्टरनेट टाकायलाच हवा का? इंधन वाढतंय, वजन बसत नाहीये." अल्टरनेट म्हणजे ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जायचा पर्यायी विमानतळ, उड्डाणाआधी भरायच्या फ्लाइट प्लॅनमध्ये लिहायचा. विचारणारा कधी नुकतंच लायसन्स हातात पडलेला मुलगा असतो, कधी चार्टर कंपनीच्या छोट्या ऑफिसात एकटीने प्लॅन भरत बसलेली मुलगी. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हवा चांगली असली की अल्टरनेटमधून सुटका. हवा ही अर्धीच अट आहे. उरलेली अर्धी मुंबईच्या रनवेंमध्ये अडकलेली आहे आणि तिकडे कोणी बघत नाही.

आधी हे कोणाला लागू ते सांगतो. व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायच्या उड्डाणाला, अल्टरनेट सक्तीचा नाही. रकाना आठमध्ये 'आय' लिहिलंत की आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे करायचं उड्डाण, आणि मग खालचं सगळं तुमच्यासाठी. मूळ नियम इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, ॲनेक्स ६ मधला. आपल्याकडे तो डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर या नियमावलीत, सेक्शन ८, सिरीज ओ मध्ये आहे: व्यावसायिक विमानांसाठी पार्ट २, खासगीसाठी पार्ट ३, हेलिकॉप्टरसाठी पार्ट ४. आपला पार्ट कोणता ते न बघता मित्राच्या नोट्स वाचणारे दरवर्षी भेटतात. इथे मी मुख्यतः व्यावसायिक विमानांचं सांगतोय.

नियमाची सुरुवातच 'लागतो' अशी आहे. निदान एक डेस्टिनेशन अल्टरनेट हवाच. तो न टाकण्याची मुभा हा अपवाद, आणि त्याला दोन अटी आहेत. पहिली, पोहोचण्याच्या वेळी उतरणं व्हीएमसीमध्ये, म्हणजे डोळ्यांनी दिसेल अशा हवेत होईल याची पुरेशी खात्री असावी. दुसरी, त्या वेळी तिथे एकाहून अधिक स्वतंत्र रनवे वापरात असावेत आणि त्यांतल्या निदान एकाला चालू इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरायची पद्धत, असावा. या दोन अटींच्या मध्ये 'आणि' आहे. वर्गात मी त्या शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढायला लावतो. तरी परीक्षेत निम्मी मुलं तो 'किंवा' वाचतात. इकाओच्या नियमात एकाकी विमानतळाचाही एक अपवाद आहे, पण तो आसपास पोहोचण्याजोगा अल्टरनेटच नसलेल्या ठिकाणांसाठी, जशी समुद्रातली बेटं. मुंबईला त्यात बसवायचा प्रयत्न करू नका.

आता दुसऱ्या अटीकडे. मुंबईत रनवे दोन आहेत, ०९/२७ आणि १४/३२, आणि ते एकमेकांना छेदतात. स्वतंत्र रनवेची व्याख्या अशी, की एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहिलं पाहिजे. मग आपले दोन स्वतंत्र धरायचे की नाहीत? १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य रनवेच्या टोकापलीकडे घसरलं. मुख्य रनवे काही दिवस बंद राहिला आणि विमानं १४/३२ वरून चालली. म्हणजे चाललं की, असं कोणी म्हणेल. चाललं, कारण ते विमान टोकाला रुतलं होतं. तेच छेदाच्या ठिकाणी टायर फुटून बसलं असतं, तर एका विमानाने दोन्ही रनवे गिळले असते. छेदतात एवढ्यावरून रनवे आपोआप बाद होत नाहीत, पण तुमच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये मुंबईबद्दल काय मंजूर आहे ते पान उघडल्याशिवाय सूट धरू नका. पान सापडत नसेल तर अल्टरनेट टाका. आणि मॅन्युअलने परवानगी दिली असली तरी नोटॅम, म्हणजे विमानतळाबद्दलच्या ताज्या सूचना, बघा. दुरुस्तीसाठी एक रनवे बंद असेल त्या दिवशी ही अट तिथेच संपली, आकाश कितीही निळं असो.

पहिल्या अटीत गोंधळ होतो तो वेगळाच. फ्लोरिडा, टेक्ससमध्ये शिकून आलेली मुलं तिथला 'एक-दोन-तीन' घेऊन येतात: पोहोचण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचं छत २,००० फूट आणि दृश्यता ३ मैल असली की अल्टरनेट नको. तो अमेरिकेचा नियम आहे, तिथे तो बरोबरही आहे. त्यांचे ३ मैल म्हणजे साधारण ४,८०० मीटर. आपल्याकडे व्हीएमसीला ५ किलोमीटर लागतात, ढगांपासून आडवं १,५०० मीटर आणि उभं ३०० मीटर अंतर लागतं, आणि रनवेची अट वेगळीच. ४,८०० मीटरच्या अंदाजावर तिकडे सूट बसते, इकडे नाही. आधी-नंतर किती वेळाची फट धरायची तेही इथे ऑपरेटरच्या मंजूर मॅन्युअलमध्ये असतं, पाठ केलेल्या आकड्यात नाही.

मग टॅफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज. टॅफ झुलू टाइममध्ये, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. मागच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. एका मुलाने छापून आणलेल्या टॅफवर 'टेम्पो ११०९/१११३, दृश्यता १५०० मीटर, गडगडाटी पाऊस' या ओळीवर पेन्सिलने फुली मारली होती. का, तर "सर, हे ११ तारखेला सकाळी नऊ ते दुपारी एक. आपण साडेचारला उतरतोय." त्यात साडेपाच तास मिळव म्हटलं. नऊचे अडीच झाले, एकचे संध्याकाळचे साडेसहा. त्याचं उतरणं बरोबर त्या ओळीच्या पोटात बसलं होतं. त्याने काही न बोलता फुली खोडली आणि अल्टरनेट लिहिला. टेम्पो म्हणजे 'तात्पुरतं, सोडून द्या' असंही बरेच जण धरतात. ज्या तासात तुम्ही वर घिरट्या घालत असाल, तोच तात्पुरता तास असू शकतो.

कागदांची यादी मोठी नाही. जिथे जाताय तिथला आणि अल्टरनेटचा ताजा टॅफ, दोन्हीकडचे नोटॅम, मॅन्युअलमधलं मिनिमाचं (उतरायला लागणाऱ्या किमान हवेच्या आकड्यांचं) पान, इंधनाचा तक्ता. यातला टॅफच अनेकदा मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या धावपट्टीवर हवामान कार्यालय नाही, तिथला टॅफ आणायचा कुठून? लोक शेजारच्या मोठ्या विमानतळाचा टॅफ जोडतात आणि पुढे जातात. नियम सरळ आहे: हवामानाची माहितीच उपलब्ध नसेल, तर एक नाही, दोन अल्टरनेट. पोहोचण्याच्या वेळी हवा तुमच्या मिनिमाच्या खाली असेल असा अंदाज असला तरीही दोन. माहिती न ठेवण्याची शिक्षा वैमानिकाला, आणि माहिती देणारं कार्यालय उभारायचं कोणी हे विचारायची सोय नाही. असो.

दोन म्हटल्यावर इंधनाची धास्ती बसते. दोघांच्या इंधनाची बेरीज करायची नसते, त्यातल्या त्यात ज्याला जास्त लागतं ते धरायचं. मुख्य ठिकाणी उतरणं सोडून पुन्हा वर चढणं, तिकडे जाणं आणि उतरणं, एवढं. त्यावर जेटला १,५०० फुटांवर ३० मिनिटं फिरण्याइतकं अखेरचं राखीव, पिस्टन इंजिनाला ४५ मिनिटांचं. अल्टरनेट नाही टाकला तरी सगळं वाचत नाही. जेटला १,५०० फुटांवर १५ मिनिटं फिरण्याचं जादा इंधन घ्यावंच लागतं. हा हिशेब मांडल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं, की ज्या बचतीसाठी आपण भांडतोय ती वाटली होती तेवढी नाही.

टाकायचा कोणता? पुणे जवळ म्हणून सगळे पुणे टाकतात. पुणे हवाई दलाचा तळ आहे, वेळा आणि बंद्या नोटॅमवरच कळतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत तो विमानतळ दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होता. तेव्हा जुना प्लॅन कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची काय गत झाली असेल ते तुम्हीच ठरवा. नवी मुंबई विमानतळाचं २०२५ मध्ये उद्घाटन झाल्यापासून तो टाकायचा मोह होतो. अंतराची किमान अट नियमात नाही, पण सांताक्रूझवर ओतणारा ढग खाडी ओलांडायला तिकीट काढत नाही. पावसाळ्यात मी अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूर बघायला सांगतो. जुहू टाकणारेही भेटले आहेत. जुहूला इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच नाही, काम दिवसाउजेडीच चालतं, तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं आणि छोटी विमानं.

गोव्याचा घोळ वेगळा लिहितो कारण तो यंत्रणा पकडत नाही. तिथे विमानतळ दोन, आणि त्यांचे कोड दाबोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. शेवटच्या एका अक्षराचा फरक, दोन्ही कोड वैध. प्लॅन मुकाट स्वीकारला जातो, आणि इंधनाचा तक्ता एका विमानतळाचा, नोटॅम दुसऱ्याचे. दाबोळी नौदलाचा तळ, मोपा नागरी, म्हणजे नियमावलीही एक नाही.

भरण्याची पद्धत. रकाना १६ मध्ये मुख्य विमानतळ, लागणारा वेळ, त्यापुढे अल्टरनेट, जास्तीत जास्त दोन, मध्ये जागा सोडून. ज्या ठिकाणाला चार अक्षरी कोड नाही तिथे चार वेळा झेड, आणि रकाना १८ मध्ये 'एएलटीएन' स्लॅश मारून नाव. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानांवर चुन्याने हेलिपॅड आखले जातात तेव्हा मुख्य ठिकाणही असंच झेडमध्ये जातं, फक्त १८ मध्ये 'डीईएसटी' लिहायचं. टेक-ऑफ अल्टरनेट रकाना १६ मध्ये घुसडू नका, त्याची जागा १८ मध्ये 'टीएएलटी' खाली. तो कधी लागतो? निघताना हवा उड्डाणाला पुरेशी, पण परत उतरायच्या मिनिमाच्या खाली असेल तेव्हा, किंवा दुसऱ्या काही कारणाने परत उतरणं शक्य नसेल तेव्हा. दोन इंजिनांच्या विमानासाठी एका इंजिनावर, वारा नाही असं धरून, एका तासाच्या आत पोहोचता येईल असा.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरवाल्यांना एकच सांगणं: जमिनीवरच्या अल्टरनेटपुरतं इंधन नेता येत असेल तर दुसरा प्लॅटफॉर्म अल्टरनेट म्हणून धरता येत नाही.

मुदत: निघण्याच्या निदान ६० मिनिटं आधी, फार आधी म्हणाल तर १२० तास. बाकी एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा), एडीसी नंबर (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) हे नेहमीचंच, ते घेतल्याशिवाय कोणी सोडत नाही. पण तारीख जपा. १२ जुलैला पहाटे पाचला निघायचं असेल तर झुलूमध्ये ते ११ जुलैचे २३३० होतात, आणि १८ मधल्या 'डीओएफ'मध्ये (उड्डाणाच्या तारखेत) ११ हीच तारीख जाते. इथे १२ लिहून चोवीस तास पुढचा प्लॅन टाकलेले आणि पहाटे टॉवरकडून "तुमचा प्लॅन आमच्याकडे नाही" ऐकलेले वैमानिक मी पाहिले आहेत. काउंटरवरच्या माणसाला ही चूक दिसत असते. तो सांगेलच असं नाही.

प्लॅन स्वीकारला म्हणजे अल्टरनेट बरोबर, असाही एक समज आहे. यंत्रणा अक्षरं आणि मांडणी तपासते. तुमचा टॅफ, रनवेची अट, टाकीतलं इंधन हे ती बघत नाही. ती जबाबदारी वैमानिकाची आणि कंपनीची.

एक शेवटचं. उड्डाण ३० मिनिटांहून जास्त लांबलं की विलंबाचा संदेश पाठवतात, आणि तेवढं करून चहा घ्यायला जातात. उतरण्याची वेळही पुढे सरकली आहे, तेव्हा टॅफ पुन्हा लावून बघा. सकाळी टेम्पोच्या बाहेर असलेलं उतरणं आता आत आलं असेल, तर सूट गेली, अल्टरनेट घालून बदलाचा संदेश पाठवायचा आणि इंधन वाढवायचं. बाउजर, म्हणजे इंधनाची गाडी, तोपर्यंत दुसऱ्या विमानाकडे गेलेला असतो, आणि पावसात तो परत यायला अर्धा तास सहज लागतो.