ग्रहणकाळी दिलेला मठ : खानदेशातील धर्म, गणित आणि स्मरण यांची पार्श्वभूमी

सन 2022 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आणि पाडवा 26 ऑक्टोबरला आला. मधल्या दिवशी सायंकाळी सूर्यग्रहण होते आणि सूर्य ग्रासलेल्या स्थितीतच मावळला. त्या दिवशी आमच्याकडे जो वाद झाला, तो नवा नव्हता. एका बाजूला देवळांची दारे लावून घेणारे होते, दुसऱ्या बाजूला मुलांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांना गच्चीवर नेणारे होते, आणि दोघेही एकमेकांना समजावण्याच्या पलीकडे गेलेले होते. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. ग्रहणात जेवत नाही, ग्रहण सुटल्यावर स्नान करतो आणि यथाशक्ति दान देतो. ग्रहण हा सावलीचा खेळ आहे हेही मी शाळेत असल्यापासून जाणतो. या दोन गोष्टी एका माणसाच्या ठिकाणी कशा नांदतात, असे घरातली तरुण मंडळी विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नात थोडी कीवही असते. त्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी खानदेशाचा थोडा मागचा इतिहास सांगावा लागतो, कारण हा प्रश्न या भूमीत आठशे वर्षांपूर्वीच एका दगडावर कोरला गेला आहे.

चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटर अंतरावर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. आज तो भाग गौताळा अभयारण्यात येतो आणि पावसाळ्यात तेथे धबधब्यांसाठी गर्दी लोटते. यादवकाळात येथे निकुंभ घराण्याचे मांडलिक राज्य करीत होते. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी येथील एक शिलालेख शोधून काढला व 1865 साली तो विद्वानांपुढे आणला. त्यातून जी हकीकत कळते ती अशी : देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी चांगदेव नावाचे ज्योतिषी होते. ते प्रसिद्ध गणिती भास्कराचार्यांचे नातू, म्हणजे लक्ष्मीधरांचे पुत्र. त्यांनी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे आणि त्यांच्या इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिले. (तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव ते हे नव्हेत. आमच्याकडे या दोघांची सरमिसळ नेहमी होते. तशीच पाटण हे भास्कराचार्यांचे जन्मगाव असल्याचेही आम्ही छातीठोकपणे सांगतो. शिलालेखावरून मात्र नातवाने तेथे मठ काढला एवढेच सिद्ध होते, आणि मला वाटते तेवढे पुरेसे आहे.)

या दानाची वेळ पाहण्यासारखी आहे. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण सुरू असताना, सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून सोइदेवाने आपल्या गुरूच्या मठाला हे दान दिले, असे लेखात म्हटले आहे. लेखातील शकाचा आकडा 1128 आहे, संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे, नाव प्रभव आहे, आणि या दोहोंत एका वर्षाचा फरक पडतो. संवत्सर व ग्रहण यांचा मेळ घालून अभ्यासक इ.स. 1207 हे वर्ष मानतात. म्हणजे ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकवले जाणार होते, पृथ्वीची छाया चंद्रावर किती काळ राहील हे आकड्यांत मांडायला विद्यार्थी शिकणार होते, त्या मठाला दान मिळाले ते ग्रहणाच्या पुण्यकाळात. देणाऱ्याला हे विचित्र वाटले नाही आणि घेणाऱ्यालाही वाटले नाही. चांगदेव स्वतः ग्रहणाची वेळ काढू शकणारे गणिती होते. सोइदेवाच्या हातावरून पाणी कोणत्या घटकेला सोडायचे, हे बहुधा त्यांच्याच गणिताने ठरले असेल.

भास्कराचार्यांनी या प्रश्नाला बगल दिली नव्हती. त्यांचा जन्म शके 1036 चा, म्हणजे इ.स. 1114 चा, आणि छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याच्या चार भागांपैकी लीलावती आणि बीजगणित यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र गोलाध्याय हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पृथ्वी कोणाच्या तरी आधारावर उभी आहे या समजुतीला ते तेथे साधा प्रश्न विचारतात : तो आधार जर मूर्त असेल, तर त्याला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि ही मालिका कोठेच संपणार नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानायचेच असेल, तर ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीलाच का मानू नये? बौद्ध, जैन आणि पौराणिक अशा सर्वांच्या भूगोलकल्पनांना त्यांनी तपासून पाहिले आणि जे गणिताला जुळले नाही ते बाजूला ठेवले. ग्रहणाच्या प्रकरणात त्यांनी राहूचे डोके सूर्यचंद्राला गिळते ही कल्पना गणिताने टिकत नाही हे दाखवले, आणि मग ब्रह्मदेवाच्या वराने राहू भूछायेत प्रवेश करून चंद्राला झाकतो असे म्हणून श्रुतिस्मृतींशी असलेला विरोध मिटवला.

या शेवटच्या वाक्याने आधुनिक वाचक निराश होतो. एवढा मोठा गणिती शेवटी पुराणाला शरण गेला, असे त्याला वाटते. माझे वाचन वेगळे आहे. छाया कोठे पडेल, केव्हा पडेल, किती पडेल, यांतला एकही आकडा भास्कराचार्यांनी राहूच्या स्वाधीन केलेला नाही. राहूला त्यांनी छायेत बसवले, छायेला राहूच्या ताब्यात दिले नाही. ग्रहणात करायचे स्नान, दान आणि जप हे ज्या कथेशी बांधलेले होते, ती कथा मात्र त्यांनी लोकांच्या हातून हिसकावली नाही. शास्त्र आपल्या जागी पूर्ण कठोर राहिले आणि आचाराला आपली जागा मिळाली. आमच्या घरात ग्रहण पाळले जाते ते याच समजुतीने, जरी ती समजूत शब्दांत मांडणारा माणूस घरात क्वचितच असे. ग्रहणात शिजवलेले अन्न विषारी होते, गर्भवतीने भाजी चिरली तर मुलाचा ओठ फाटतो, असली भीती घालणारे लोक भास्कराचार्यांच्या बाजूचे नाहीत आणि माझ्याही नाहीत. परंपरेच्या नावाने शरीरशास्त्रावर खोटे बोलणे हा परंपरेचाच अपमान आहे.

पाटणच्या लेखाचा दुसरा भाग जुन्या मराठीत आहे, आणि माझ्या मते त्याकडे व्हावे तेवढे लक्ष गेलेले नाही. भाषेच्या अभ्यासकांनी त्याचे व्याकरण तपासले, पण त्यात एका बाजारपेठेची नीतीही आहे. पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे जो विक्रीचा माल, उघडला जाईल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हक्क मठाला दिला आहे. जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकाने मठाला पळीपळी तेल द्यायचे आहे. आणि सर्वांत सुंदर कलम असे की, येथे जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे. गणिताचा मठ, त्याच्या दिव्यांना गावच्या तेल्यांचे तेल, आणि गावच्या धान्याला मठाचे माप. खोटे माप हे शेतकऱ्याच्या पोटावर येणारे सर्वांत जुने पाप. बाजार समितीत काट्यावर घातलेल्या पोत्याकडे डोळा ठेवून उभा राहिलेला कापूस उत्पादक ते आजही ओळखतो. त्या पापावरचा पहारा पाटणात विद्येच्या घराकडे सोपवलेला होता. नीती, विद्या आणि श्रद्धा यांची तीन वेगळी खाती तेव्हा उघडलेली नव्हती.

याच कुळातील दुसरी शाखाही खानदेशातच दिसते. गिरणेकाठच्या बहाळ येथे भास्कराचार्यांच्या भावाचे नातू अनंतदेव यांनी भवानीचे देऊळ बांधल्याचा शके 1144 चा, म्हणजे इ.स. 1222 चा लेख आहे. अनंतदेवही सिंघणाचे ज्योतिषी होते. एका चुलतभावाने मठ बांधला, दुसऱ्याने देऊळ, आणि दोघांची उपजीविका आकाशाच्या गणितावर चालली.

पुढची शतके या कथेत लवकर ओलांडता येतात. यादव गेले, फारुकी सुलतान आले, मोगल आले. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने 1587 मध्ये त्याच्यासाठी लीलावतीचा फारसी अनुवाद केला आणि पुढे 1591 मध्ये तोच फैजी वकील म्हणून खानदेशच्या राजे अलीखानाकडे पाठवला गेला. पाटणचा मठ मात्र आज उभा नाही. ग्रंथ टिकले ते दगडी इमारतीमुळे नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेणाऱ्या हातांमुळे.

उतरवून घेणे आणि सांभाळणे या कामाला खानदेशाने पुन्हा हात घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, धुळ्यात. वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून हस्तलिखिते गोळा करण्यात आयुष्य घातले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. देव हे श्रद्धाळू समर्थभक्त, राजवाडे हे कोणालाही न जुमानणारे तर्ककठोर गृहस्थ. दोघांचे एकमेकांशी पटण्यासारखे फारसे काही नव्हते. तरीही दोघांनी पाहिले ते एकच : कसरीने खाल्लेले पान पुन्हा लिहिता येत नाही. जतन करणे हा शब्द मी या दोघांकडून शिकलो. मला सनातनी म्हणणाऱ्यांना वाटते की जतन म्हणजे हात न लावणे. हस्तलिखिताला हात न लावणाऱ्याच्या घरात वर्षभराने भुकटी उरते.

आता अवघड भागाकडे यावे लागते. अमळनेरला प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि तेथे शिकायला आलेले साने गुरुजी पुढे अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात, अठरा रविवारी, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. येथपर्यंत माझ्यासारख्याला काहीच जड जात नाही. जड जाते ते मे 1947. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभले, तेव्हा धर्म बुडेल असे म्हणणारे लोक माझ्या बाजूचे होते. शास्त्रवचने त्यांच्या हातात होती, आचार त्यांच्या हातात होता, आणि तरी त्यांचे माप खोटे होते. पांडुरंगाच्या दारात कोणाला किती जागा, हे त्यांनी मठाच्या मापाने न मोजता स्वतःच्या मापाने मोजले. मंदिर खुले झाले आणि धर्म बुडाला नाही. ही गोष्ट वगळून परंपरेचा इतिहास सांगणाऱ्यावर तरुणांनी विश्वास ठेवू नये असेच मी म्हणेन.

धर्मसुधारणा शहरी आणि शिकलेल्या माणसांकडूनच होते, हा समजही खानदेशाने खोटा ठरवला आहे. तळोदे तालुक्यातील गुलाम महाराज यांनी 1938 च्या सुमारास भिल्ल समाजात दारू सोडा, स्वच्छ राहा, आरती करा असा उपदेश केला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी हजारो लोक त्यांच्याभोवती जमले. एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने संबोधायचे, एवढ्या साध्या नियमावरून त्या पंथाचे नाव आप धर्म पडले. ज्या माणसांना सावकार, पाटील आणि शिपाई कधी अरेतुरेच्या वर बोलले नाहीत, त्यांनी आपापसांत ‘आप’ म्हणायला लागणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे समजायला तत्त्वज्ञान मंदिरात जावे लागत नाही. महाराज त्याच वर्षी गेले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे काम पुढे चालवले. दारूबंदीच्या कायद्याने जे साधले नाही ते आरतीने काही काळ तरी साधले, असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न स्मरणाचा. खानदेशात पितरांचा मोठा दिवस आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल त्याच दिवशी संपते आणि नवे ठरते, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सकाळी घागर भरतात. कुंभाराकडून आणलेल्या लाल घागरीवर मातीचे लहान पात्र, त्यावर डांगर (खरबूज), सांजोऱ्या आणि आंबे ठेवतात, मग निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांसाठी नैवेद्याचा घास, टाकतात. घागर पुजण्यापूर्वी उंबरठ्याची पूजा होते आणि त्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवत एकेका पूर्वजाचे नाव घेतले जाते. पितर पाणी प्यायला खरोखर येतात का, असा प्रश्न मला नातवाने विचारला होता. मी त्याला पाटणचा लेख सांगितला. त्या लेखात चांगदेवांनी आपले कूळ त्रिविक्रमापासून मोजले आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि स्वतः ते. नऊ नावे आहेत, आणि त्यांत एकही स्त्री नाही. मुलाच्या हे चटकन ध्यानात आले. माझ्या आजवर आले नव्हते.

आमच्या घरी उंबरठ्यावर बोटे उमटवण्याचे काम माझी आई करीत असे. ती सासूचे, आजेसासूचे आणि लहानपणी गेलेल्या आपल्या एका बहिणीचेही नाव घेई. बहीण दुसऱ्या कुळाची, तिचे बोट या उंबरठ्यावर कसे, असे एकदा एका थोरल्या काकांनी विचारले होते. आईने उत्तर दिले नाही, कुंकवात बोट बुडवले आणि पुढचे नाव घेतले. आता ते काम सून करते. गेल्या आखाजीला तिने यादी कागदावर उतरवून घेतली, आणि त्यात ती बहीण आहे.