दुःखाला माप हवं: जात्यापासून गोधडीपर्यंत

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरले आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ओझं आकड्यांत दिसू लागलं. दुःखाची नोंद मात्र बायका त्याच्या कितीतरी आधीपासून जात्यावर ठेवत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून गोळा केलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. गेलेली आई, गेलेला भाऊ त्यांत पुन्हा पुन्हा येतात. ओवी दोन ओळींची, आणि दळण सरलं की गाणं थांबतं. आमच्या मते तिचं बळ याच मापात आहे.

दुःख कलेतून, पण मापात बाहेर काढायचं, इथेच विज्ञानही फिरून आलं. १९४२ मध्ये इंग्लंडच्या एड्रियन हिल या चित्रकाराने क्षयरोग्यांच्या चित्र काढण्याला ‘कला-उपचार’ हे नाव दिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं मनातला सल लिहिला. लिहून उठताना ती मुलं जास्त उदास होती. पुढच्या सहा महिन्यांत मात्र दवाखान्यात कमी गेली. ही उदासी आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही उघडतच नाही. कॅन्सरच्या रुग्णांत या लेखनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि गाठ त्याने कमी होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांची ‘डिग्निटी थेरपी’ ही रुग्णाच्या आठवणी त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवण्याची पद्धत २००५ मध्ये १०० मरणासन्न रुग्णांवर तपासली गेली. तुम्ही सर्वांत जिवंत कधी होता, घरच्यांनी काय लक्षात ठेवावं, असे प्रश्न रुग्णाच्या हातात आधीच देतात. मग बोलणं ध्वनिमुद्रित करून उतरवतात, नीट लावतात आणि रुग्णालाच वाचून दाखवतात. हे वाचून दाखवणं गाळू नये; घरच्यांना कायमचं लागेल असं वाक्य तिथेच दुरुस्त होतं. सोलापुरात आणखी एक पथ्य: घरची भाषा तेलुगू किंवा कानडी असेल, तर बोलणं त्याच भाषेत होऊ द्यावं, मराठी नंतर करता येते. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बोलता येत नसेल तर पाटी आणि जुने फोटो पुढे ठेवावेत.

गोधडी हे सगळ्यांत आपलं माध्यम. पण केमो चालू असताना सुई रुग्णाच्या हातात देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्या की साध्या टोचण्यातूनही संसर्ग होऊ शकतो, प्लेटलेट कमी असतील तर रक्त लवकर थांबत नाही, आणि काही औषधांनी बोटं बधिर झालेली असतात, टोचलेलं कळतही नाही. रुग्णाने कापड निवडावं, कुठला तुकडा कशाशेजारी ते सांगावं. धावदोरा इतरांनी घालावा. एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांची गोधडी शिवायची असेल तर विरलेलं लुगडं एकटं वर लावू नये, टाक्यांच्या रेषेवर ते फाटतं. खाली मांजरपाट घ्यावं. आणि लुगडं धुण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारावं. धुतलं की अंगाचा वास जातो, आणि कुणाला तरी एक तुकडा न धुता ठेवायचा असतो.