पद्मिनीला कोणता पत्रा: १८ गेज की २० गेज?

पद्मिनी मोटारीच्या बॉडीचा सडलेला पत्रा बदलायचा असेल, तर पत्र्याच्या दुकानात शिरण्याआधी एवढं पक्कं लक्षात ठेवा: गेज हे जाडीचं माप, पण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी. नुसतं बघून फरक कळत नाही, वाकवायला गेलं की कळतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १८चा पत्रा २०च्या सव्वादोन पटींहून जास्त ताठ असतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनीच घ्या. मडगार्ड, दारं, बॉनेट अशा बाहेरच्या कामाला २० गेज. पण ‘जाड टाका, परत सडायला नको’ असं गिऱ्हाईकच डेंटरला, म्हणजे बॉडीचा पत्रा ठोकून दुरुस्त करणाऱ्याला, सांगतं आणि मडगार्डच्या काठाला १८चा तुकडा बसतो. सांध्याच्या एका बाजूला १.२ मिमी, दुसऱ्या बाजूला गंजाने झिजलेला जुना पत्रा. वेल्डिंग करताना जाड तुकडा नीट तापेपर्यंत पातळ कडेला भोक पडतं. तेही निभावलं, तर हातोडी-डॉली (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) लावल्यावर जुना पत्रा ताणला जातो, तुकडा मात्र ढिम्म हलत नाही. रंगानंतर ट्यूबलाइटखाली तिरकं पाहा, सांध्यावर प्रकाशाची रेघ मोडलेली दिसेल. शिवाय जाडीने गंज थांबत नाही. तो थांबतो आतून प्रायमर मारल्याने आणि चिखल अडकू न दिल्याने.

फ्लोअर आणि दाराखालची सिल यांचं गणित वेगळं. पद्मिनीला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नाही, भार बॉडीच उचलते. तिथे १८ गेजच हवा. जॅक लावायच्या जागी २०चा तुकडा टाकलात तर पत्रा आत दबेल.

तरी माझा भर मोजण्यावर आहे. गंजापासून लांबची, कधी दुरुस्त न झालेली जागा शोधा. दोन्ही बाजूंचा रंग खरवडून मायक्रोमीटर लावा. रंग-पुट्टीसकट मोजलं तर जाडी फुगते, गंजलेल्या कडेला मोजलं तर घटते. दुकानदाराला आकडा मिमीमध्येच सांगा, कारण गेजचे तक्ते एकसारखे नसतात: ब्रिटिश तक्त्यात २२ गेज ०.७१ मिमी, तर अमेरिकन तक्त्यात ०.७६.

आणि मागताना सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला, बिनजस्ताचा) पत्राच मागा. जीपी (गॅल्व्हनाइज्ड प्लेन) पत्र्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर छातीत गेला, की रात्री कारागिराला थंडी वाजून ताप भरतो.