पोर्ट्रेटमधील फोकस आणि रचना: पार्श्वभूमी

पोर्ट्रेट काढताना कॅमेऱ्याजवळचा डोळा फोकसमध्ये ठेवावा आणि मागचे सारे धूसर होऊ द्यावे, हा सल्ला प्रत्येक नवशिक्याला मिळतो. परंतु त्याचा उगम सौंदर्यदृष्टीपेक्षा प्रकाशाच्या टंचाईत आहे.

१८३९ मध्ये फ्रान्सच्या लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्समधून इतका कमी प्रकाश आत येई, की एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. इमारतींच्या बाबतीत ते चालून जाई. माणसाला मात्र मानेमागे लोखंडी आधार लावून निश्चल बसवावे लागे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोडीच्या बळावर खास पोर्ट्रेटसाठी लेन्स रचली आणि त्या कामात त्यांना तोफखान्यातील सैनिकांची मदत मिळाली. सुमारे एफ ३.६ अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे रुंद छिद्रातून बराच प्रकाश आत घेणाऱ्या या लेन्समुळे एक्स्पोजर (चित्र उमटायला लागणारा वेळ) चांगल्या उजेडात मिनिटाच्या आत आले. मात्र स्पष्टता चौकटीच्या मध्यापुरतीच राहिली, कडा विरघळू लागल्या, आणि रुंद छिद्रामुळे डोळ्यावर फोकस साधला की कान फोकसमधून निसटू लागला. चेहरा मध्यभागी ठेवण्याच्या सवयीला या मर्यादेनेही बळ दिले असावे, असे मला वाटते.

१८५४ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या स्वस्त चित्रांत बहुधा पूर्णाकृती माणूस, खांब आणि पडदे असत; चेहरा नखाएवढा उरे.

याच्या अगदी उलट वाट कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी धरली. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना मुलीकडून कॅमेरा भेट मिळाला. फोकस जुळवताना प्रतिमा सुंदर दिसली की त्या तिथेच थांबत, लेन्स आणखी फिरवून रेषा काटेकोर करत नसत. १८६७ मध्ये त्यांनी टिपलेल्या खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या चेहऱ्याभोवती गडद अंधार आहे, आणि विस्कटलेले पांढरे केस व थकलेले डोळे तेवढे उजळले आहेत. समीक्षकांनी या धूसरपणाला अकुशलता म्हटले. माझ्या मते फोकस हा निर्णय असतो, हे कॅमेरॉन यांच्याइतके ठामपणे तोवर कोणी दाखवले नव्हते.

१९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यानंतर ऑटोफोकस, म्हणजे आपोआप जुळणारा फोकस, एसएलआरमध्ये (लेन्समधून येणारे दृश्य आरशाद्वारे दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) रुळला. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसच्या पोर्ट्रेट मोडने धूसरपणाही गणनेने निर्माण केला, कारण फोनच्या चिमुकल्या लेन्समध्ये जवळजवळ सगळेच स्पष्ट येते. ही गणना केसांच्या मोकळ्या बटांपाशी आणि चष्म्याच्या काडीपाशी चुकते, कारण तिथे अंतराचा अंदाज बांधावा लागतो. लेन्समध्ये मात्र फोकस अंतरानुसार आपोआप, सलग विरत जातो.