‘गृहीत धरणे’ : इष्टसंख्येपासून घरातल्या तक्रारीपर्यंत

‘गृहीत’ हे संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, पकडणे या धातूचे रूप असल्याने ‘गृहीत धरणे’ या जोडणीत घेतलेलेच पुन्हा धरले जाते. पण ही पुनरुक्ती आता कोणाच्या कानाला खटकत नाही. पुराव्यावाचून एखादी गोष्ट खरी मानून पुढे जाणे, हा तिचा रूढ अर्थ होय.

शब्द कोणताही असो, ही कृती खानदेशाला जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त इष्टकर्म नावाची रीत आहे, तीत उत्तर ठाऊक नसताना सोयीची एखादी संख्या ‘इष्ट’ म्हणून मानून गणित सुरू करतात. समजा, कापसाच्या ढिगात त्याचा निम्मा आणि चौथा हिस्सा मिळवल्यावर ७० क्विंटल भरतात. ढीग ४ क्विंटलचा मानला तर ४, २ आणि १ मिळून ७ होतात. म्हणून ७० ला ४ ने गुणून ७ ने भागले की मूळ ढीग ४० क्विंटलचा निघतो. मानलेले ४ चुकीचेच होते, आणि ते चुकीचे असू शकते हे रीतीला पहिल्यापासून मान्य होते, हीच तिची खुबी.

कायद्यानेही मानण्याला मर्यादा घातली. १८७२ च्या पुरावा अधिनियमात न्यायालयाने काय गृहीत धरता येईल आणि काय गृहीत धरलेच पाहिजे यांत भेद केला होता. सात वर्षे ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना लागलेली नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे.

बोलण्यात मात्र ही शिस्त सैल होते. केळीची कापणी होण्याआधीच भाव गृहीत धरून मुलीच्या लग्नाची तारीख काढणारा शेतकरी निदान आकडा तरी मनात धरतो. ‘मला गृहीत धरू नका’ असे सुनावणाऱ्या सुनेची तक्रार वेगळी आहे, कारण तिथे तिची संमती न विचारताच मिळालेली मानली जाते. माझ्या मते ही छटा इंग्रजीच्या वळणाने आली असावी. अहिराणीत ‘समजी ले’ म्हणतात ते मात्र बहुधा हिशेबापुरतेच असते.