फेनिटॉइन आणि फॉसफेनिटॉइन: मिलिग्रॅम नेमके कोणाचे?

आकडी थांबत नाही, लोराझेपाम हे आकडीवरचं पहिलं औषध किलोला ०.१ मिग्रॅ या हिशोबाने (एका वेळी फार तर ४ मिग्रॅ) देऊन झालंय, आता पुढचं औषध चढवायचं. फेनिटॉइन सगळ्यांच्या रोजच्या हातातलं: किलोला २० मिग्रॅ, मिनिटाला ५० मिग्रॅच्या वर नाही, नॉर्मल सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) टाकलं की खडे धरतात, हे एव्हाना पाठ असावं.

फॉसफेनिटॉइन म्हणजे त्याचंच पाण्यात सहज विरघळणारं रूप. रक्तात फॉस्फेट सुटतं आणि साधारण १५ मिनिटांत निम्मं औषध फेनिटॉइन होतं. इथवर कुणी अडत नाही. अडतं ते वजनात. फॉस्फेटमुळे रेणू जड होतो, म्हणून ७५ मिग्रॅ फॉसफेनिटॉइनमधून फेनिटॉइन मिळतं ५० मिग्रॅ. यासाठीच डोस ‘फेनिटॉइन इक्विव्हॅलंट’मध्ये, म्हणजे पीईमध्ये लिहायचा.

पेशंट ५० किलोचा धरा. फेनिटॉइन १००० मिग्रॅ: ५० मिग्रॅ/मिलीच्या २ मिलीच्या १० अँप्यूल, एकूण २० मिली. फॉसफेनिटॉइन १००० पीई: दर मिलीला ५० पीई, म्हणजे पुन्हा २० मिलीच! पण व्हायलवर ७५ मिग्रॅ/मिली वाचून कुणी ‘१००० मिग्रॅ’ मोजले, तर हातात येतात जेमतेम १३ मिली. डोस एक तृतीयांशाने कमी आणि आकडी चालूच. उलट कुणी १००० पीईला आणखी दीडने गुणलं की ३० मिली जातात, म्हणजे दीडपट. तिसरी चूक सगळ्यात घातक: लेबलवरचं ‘५० पीई/मिली’ म्हणजे अख्ख्या व्हायलमधलं औषध समजणं. १० मिलीच्या व्हायलमध्ये ते ५०० पीई असतं. लहान मुलांमध्ये अशा चुकीने दसपट डोस जातो.

म्हणून केसपेपरवर पीई आणि मिली दोन्ही लिहा. शहाद्या-तळोद्याकडून धुळ्याला पेशंट पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘फॉस १ ग्रॅम दिलं’ लिहिणं म्हणजे पुढच्या डॉक्टरला कोडं घालणं. वेळही टाका.

वेगाची गल्लतही वजनाच्याच पोटातली. फॉसफेनिटॉइन मिनिटाला १५० पीईपर्यंत चालतं. १००० पीई सातेक मिनिटांत जातं. त्याच वेगाने फेनिटॉइन सोडलं तर बीपी कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजी आणि बीपी मात्र दोन्हींना लागतोच. ‘फॉस सेफ आहे’ म्हणून मॉनिटर काढणारे भेटले की डोकं फिरतं. हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणं) असेल तर दोन्ही नकोत.

बाकीचे फरक किरकोळ. फॉसफेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्येही चालतं, जांघेत खाज सुटते, ती आपोआप जाते.

शिरेचं मात्र बघा. फेनिटॉइन जवळपास १२ पीएचचं, म्हणजे फार अल्कलाइन, शिरेबाहेर गळलं तर हात सुजतो, जांभळा पडतो, कातडी मरते. कोपराजवळची जाड शीर असेल तर फेनिटॉइन उत्तम आणि स्वस्त. हाताच्या पाठीवरची बारीक शीरच मिळाली असेल तर फॉसफेनिटॉइनच घ्या.

फॉसफेनिटॉइन ठेवायचं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत; बाहेर ४८ तासांच्या वर नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या पाऱ्यात, त्यात लाईट गेली की, ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये राहिलेल्या व्हायलवर भरवसा ठेवू नका. फ्रीजमधून काढल्याची तारीख-वेळ पट्टीवर लिहून व्हायललाच चिकटवा.