डावखुऱ्यांची कॅमेरा-हाताळणी

आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याची ग्रिप (धरायची फुगीर मूठ) उजव्या हातासाठी घडवलेली असते आणि शटरचे बटण उजव्या तर्जनीखाली येते. जगातली सुमारे १० टक्के माणसे डावखुरी आहेत. असा कॅमेरा त्यांनी कसा धरावा, कोणती कामे डाव्या हाताकडे ओढून घ्यावीत, कोणता डोळा लावावा आणि खुद्द रचनेत काय बदलता येईल, हा या नोंदीचा विषय आहे. कात्रीची अडचण एका हाताची असते. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वापरायचे यंत्र आहे. बटण उजव्या हाताचे असले तरी लेन्स डाव्या हातात असते. यातल्या कोणत्या हाताला किती काम, हे कॅमेऱ्याच्या दर पिढीत बदलत गेले आणि डावखुऱ्यांची सोय-गैरसोयही त्याबरोबर बदलली.

डाव्या हाताचे दिवस

३५ मिमी कॅमेऱ्याची ठेवण लायकाने रुळवली. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला हा कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीला आला. त्यात फिल्मचे रीळ डावीकडे बसे आणि फिल्म उजवीकडे गुंडाळली जाई. साहजिकच फिल्म पुढे सरकवण्याची गुंडी उजवीकडे आली. त्याच गुंडीने शटर ताणले जात असल्यामुळे शटरचे बटणही तिच्या शेजारी आले. सगळी जोडणी दातेरी चाकांची आणि दांड्यांची असल्याने एकदा ठरलेली ही जागा बदलणे सोपे नव्हते.

तरीही त्या कॅमेऱ्यांना सरसकट ‘उजवे’ म्हणणे चुकीचे ठरेल. उजवा हात फिल्म ओढी, शटरचा वेग लावी आणि बटण दाबी. फोकसची रिंग केसभर पुढेमागे करणे आणि ॲपर्चरची (लेन्समधल्या, प्रकाश आत घेणाऱ्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राची) रिंग एकेक खटका फिरवणे, ही नाजूक कामे डाव्या हाताची होती. हाताने फोकस करण्याच्या काळात चित्र धारदार येणार की नाही, हे डाव्या बोटांच्या सफाईवर ठरे. काही कॅमेऱ्यांनी तर यापुढचे पाऊल टाकले. निकॉर्मॅट एफटी (१९६५) आणि ऑलिंपस ओएम-१ (१९७२, सुरुवातीला ‘एम-१’ या नावाने) यांमध्ये शटरच्या वेगाची रिंगही लेन्सच्या मुळाशी, माउंटभोवती (लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडली जाते तिथे) होती. म्हणजे वेग, ॲपर्चर आणि फोकस हे तिन्ही डाव्या हाताने, डोळा न हलवता लावता येत. जुना कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या डावखुऱ्याने हे दोन आवर्जून हातात धरून पाहावेत.

मध्यम आकाराच्या फिल्मच्या हॅसलब्लाड ५००सी (१९५७) आणि त्याच्या पुढच्या मॉडेलांची रूढ पकड आणखी वेगळी आहे. कॅमेरा डाव्या तळहातावर बसवायचा, शटर डाव्या तर्जनीने सोडायचे आणि उजवा हात फोकस व फिल्म गुंडाळण्यासाठी मोकळा ठेवायचा. उजव्या हाताच्या माणसांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या असाच वापरला. बटण डाव्या हाताला गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही, याचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

दुसरा मोठा अपवाद जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. तिथल्या इहागे कारखान्याने १९३६ मध्ये किने एक्झाक्टा आणला. तो ३५ मिमी फिल्मच्या अगदी पहिल्या सिंगल-लेन्स रिफ्लेक्स (चित्र घेणाऱ्या लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांपैकी एक होता आणि त्याची रचना कार्ल न्यूश्टरलाइन यांची होती. फिल्म ओढण्याचा खटका डावीकडे आणि शटरचे बटणही समोरच्या बाजूला डावीकडे, अशी त्याची मांडणी होती. नंतरच्या काही लेन्सना बाहेरून एक छोटा दांडा असे. तो बरोबर या बटणासमोर येई. त्यावरचे बटण डाव्या बोटाने दाबताच आधी ॲपर्चर मिटे आणि त्याच दाबाच्या शेवटी शटर सुटे. एक्झाक्टा डावखुऱ्यांचा कॅमेरा म्हणून विकला गेला नाही, तो सर्वांसाठीच होता. डावखुऱ्यांना तो हाताशी बसला एवढेच.

काम उजवीकडे कसे गेले

१९८५ च्या मिनोल्टा ७००० ने स्वयंचलित फोकसची मोटर बॉडीत (लेन्स वगळता उरलेल्या कॅमेऱ्यात) आणली आणि ॲपर्चर बटणांवर आले. लेन्सवरची ॲपर्चर रिंग गेली. १९८६ च्या कॅनन टी९० मध्ये फुगीर ग्रिप आणि तर्जनीखाली फिरणारा डायल आला. १९८७ पासूनच्या कॅनन ईओएस मालिकेने ही मांडणी जगभर पसरवली. वेग, ॲपर्चर, फोकसचा बिंदू, उजेडाची दुरुस्ती (चित्र थोडे उजळ वा गडद करणे) हे सारे हळूहळू उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या ताब्यात गेले. डाव्या हाताला उरले वजन पेलणे आणि झूम फिरवणे. ७०-२०० मिमी एफ/२.८ जातीची मोठी झूम लेन्स एक ते दीड किलो भरते. ती तासन्‌तास तोलून धरणारा हात डावाच असतो.

डावखुऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. गंमत अशी की बटण उजवीकडेच राहण्याचे यांत्रिक कारण याच काळात संपले. फिल्म मोटर ओढू लागली, शटर विजेने सुटू लागले आणि बटण म्हणजे दोन तारा जोडणारा साधा स्विच झाला. हा स्विच बॉडीवर कुठेही बसवता येतो. तरीही तो हलला नाही याचे कारण पैशाचे आहे. बॅटरी आणि बहुधा कार्डही उजव्या ग्रिपमध्ये असते. पूर्ण उलटी बॉडी करायची तर नवे साचे, नवी अंतर्गत मांडणी आणि वेगळी विक्री, तीही ग्राहकांच्या छोट्या हिश्श्यासाठी. पूर्ण आरसाबिंब कॅमेऱ्याचा हट्ट म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. बॉडीच्या डाव्या खांद्यावर एक जादा, हवे ते काम नेमून देता येणारे बटण मात्र सहज देता येईल. उभ्या चित्रासाठी बॅटरी ग्रिपवर दुसरे शटर-बटण देणाऱ्या कंपन्यांना तिसरे जड जाऊ नये.

असा पूर्ण उलटा कॅमेरा एकदा खरोखर निघाला होता. यशिकाच्या सामुराई मालिकेचे कॅमेरे हाफ-फ्रेमचे, म्हणजे नेहमीच्या निम्म्या आकाराचे चित्र घेणारे, होते. व्हिडिओ कॅमेऱ्यासारखे उभट, एकाच हातात मुठीने धरायचे, आणि ३६ च्या रोलवर ७२ चित्रे देणारे. १९८९ च्या सामुराई झेडबरोबर ‘झेड-एल’ हे खास डाव्या हाताचे मॉडेल आले. कॅमेरा एका हाताचा असल्यामुळे हात कोणता हा प्रश्न तिथे टाळताच आला नाही. इतर कंपन्यांनी हा कित्ता गिरवला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

गेल्या काही वर्षांत काम थोडे डावीकडे परतले आहे. फुजिफिल्मने २०१२ च्या एक्स-प्रो१ बरोबरच्या लेन्सवर ॲपर्चर रिंग दिली. २०१८ मध्ये कॅननच्या आरएफ आणि निकॉनच्या झेड लेन्सवर कंट्रोल रिंग आली. तिच्यावर ॲपर्चर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किंवा उजेडाची दुरुस्ती नेमता येते. सोनीच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक लेन्सच्या नळीवर डाव्या अंगठ्याखाली येणारे बटण असते आणि त्याचे काम मेनूतून ठरवता येते. डावखुऱ्याने कॅमेरा घेताना बॉडीइतकेच लेन्सवरच्या या सोयींकडे पाहावे.

पकड

आपल्याकडे अनेक डावखुऱ्यांना लहानपणीच उजव्या हाताने लिहा-जेवायला लावलेले असते. त्यामुळे उजव्या तर्जनीने बटण दाबणे बहुतेकांना जमते. बिघडते ते दाबण्याच्या रीतीत. सराव नसलेले बोट वरून ठोका मारते आणि कॅमेऱ्याचा उजवा खांदा खाली झुकतो. बोटाचा शेवटचा पेर बटणावर आडवा टेकवून ठेवावा, अर्ध्या दाबावर थांबावे आणि मग बोट पुढे लोळवल्यासारखे करून उरलेला दाब द्यावा. बोट बटणावरून उचलू नये. डावा तळहात लेन्सखाली, अंगठा आणि मधले बोट रिंगवर आणि डावे कोपर बरगड्यांना टेकलेले असावे. सारा भार या हाताने घेतला की उजव्या मुठीवरचा ताण सुटतो. डावखुऱ्याचा बळकट आणि स्थिर हात नेमका लेन्सखाली असतो, याचा लाभ संथ शटरवर आणि हाताने फोकस करताना मिळतो.

खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा बहुतेक जण डाव्या खांद्यावर घेतात, म्हणजे कॅमेरा उजव्या कमरेला येतो. डावखुऱ्यानेही तो तसाच ठेवावा, कारण उचलताना मूठ ग्रिपवरच पडायला हवी. ट्रायपॉडवर मात्र त्याला पूर्ण मोकळीक आहे. व्हिडिओच्या अनेक हेडना (ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या फिरत्या भागांना) दांडी डावीकडे बसवण्याची सोय असते आणि शटर रिमोटने डाव्या हातातून सोडता येते.

डोळा

हात आणि डोळा यांची जोडी ठरलेली नसते. सुमारे दोनतृतीयांश लोकांचा प्रबळ डोळा उजवा असतो आणि बरेच डावखुरे त्यांत मोडतात. उलट उजव्या हाताच्या कित्येकांचा डोळा डावा असतो. पारख सोपी आहे. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये एक छोटी फट करावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना घड्याळ फटीत टिकते, तो प्रबळ.

रेंजफाइंडर धाटणीच्या (लायकासारख्या) कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहायची, खिडकी मागून पाहता डाव्या कोपऱ्यात असते. उजवा डोळा लावला की चेहरा बॉडीबाहेर राहतो आणि डावा डोळा समोरचे दृश्य पाहू शकतो. डावा डोळा लावला तर नाक बॉडीच्या पाठीवर दाबले जाते आणि उजव्या डोळ्यापुढे कॅमेराच येतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात तर ओढण्याचा खटका कपाळाला लागतो आणि दर चित्रानंतर कॅमेरा डोळ्यापासून दूर न्यावा लागतो. डाव्या डोळ्याच्या माणसाने, मग तो कोणत्याही हाताचा असो, मधोमध व्ह्यूफाइंडर असलेली बॉडी घ्यावी. हाताच्या गैरसोयीपेक्षा ही डोळ्याची गैरसोय जास्त छळते आणि तिची चर्चा मात्र कमी होते.

टचस्क्रीनने एक नवी भानगड आणली. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना पडद्यावर अंगठा सरकवून फोकसचा बिंदू हलवायची सोय असते, पण नाक लागले तरी बिंदू हलतो. उजवा डोळा लावणाऱ्याचे नाक पडद्याच्या डाव्या भागावर येते, म्हणून तो स्पर्शक्षेत्र उजव्या अर्ध्यापुरते ठेवतो. डावा डोळा लावणाऱ्याचे नाक त्याच उजव्या अर्ध्यावर टेकते. त्याने फक्त वरचा उजवा कोपरा निवडावा किंवा ही सोय बंद करून जॉयस्टिक वापरावी.

उजवा हात नसताना

पक्षाघात, अपघात किंवा जन्मजात कारणाने उजवा हात वापरता न येणाऱ्यांची गरज सवयीपलीकडची आहे. डाव्या बटणाची मागणी खरी त्यांच्यासाठी लावून धरायला हवी. सध्याचा व्यवहार्य मार्ग असा : कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंची ट्रायपॉड स्क्रूने ब्रॅकेट लावायचे, त्याला डावीकडे उभी मूठ बसवायची आणि तिच्यावर तर्जनीच्या जागी तारेचा रिमोट घट्ट बांधायचा. अनेक कॅननमध्ये त्यासाठी २.५ मिमीची साधी खोबण असते. फुजिफिल्मच्या एक्स-टी मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत शटर-बटणातच जुन्या धर्तीच्या केबल रिलीजचे (लांबून बटण दाबणाऱ्या तारेचे) आटे आहेत. झूम फिरवायला दुसरा हात नसल्यामुळे स्थिर फोकल लांबीची हलकी लेन्स बरी पडते. मोनोपॉड (एका पायाचा आधार) कमरपट्ट्यात टेकवला तर मनगटावरचा भार उतरतो. काही जण कॅमेरा सरळ उलटा धरतात. ग्रिप डाव्या हातात येते आणि चित्र नंतर संगणकावर फिरवले जाते. छोट्या कामाला हे चालते, पण व्ह्यूफाइंडर खाली गेल्याने दिवसभर असे काम करणे अवघड आहे.

फोन

फोनचे बटण पडद्यावर असल्याने दोन्ही हात सारखे, असे वाटते. आडव्या चित्रात फरक पडतो. आयफोन १६ (२०२४) मधले कॅमेऱ्याचे खास बटण उजव्या कडेला, खालच्या अंगाला आहे. फोनचे डोके डावीकडे करून आडवा धरला की ते पुन्हा उजव्या तर्जनीखालीच येते. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची बटणे उजव्या कडेला, वरच्या अंगाला असतात आणि ती शटर म्हणून चालतात. तो फोन तसाच आडवा केला की ही बटणे वरच्या डाव्या कोपऱ्यात, थेट डाव्या तर्जनीखाली येतात. मात्र लेन्सही फोनच्या त्याच टोकाला असते, म्हणून बाकीची बोटे पाठीवर न पसरता दुमडून कडेशी ठेवावी लागतात.